जिवंत पाण्याची पाटी

झिरेगावच्या पाण्याच्या खोलीवर एक पाटी होती. पांढऱ्या पत्र्यावर निळा ऑइलपेंट. वर हातभर उंचीच्या अक्षरांत ‘जिवंत पाणी’, आणि खाली बोटभर उंचीत ‘सूक्ष्मदर्शकातून तपासलेले : डॉ. साधना राखोंडे, अकोला’. पाटीवर एकही खोटा शब्द नव्हता. पाणी जिवंत होतं, सूक्ष्मदर्शकातून तपासलेलं होतं आणि ते साधनाबाईंनीच तपासलेलं होतं. या तीन खऱ्या गोष्टी एकाखाली एक रंगवल्यावर त्यांचं जे धडधडीत खोटं तयार झालं, त्याच्यावरून स्वतःचं नाव उतरवायला साधनाबाईंना सात महिने लागले. पीएच.डी.ला लागली होती पाच वर्षं, पण तेव्हा निदान कोणी शाल-नारळ देऊन आडवं आलं नव्हतं.

झिरेगाव बाळापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्याच्या ऐन पोटात आहे. इथं विहीर खणली तर पाणी लागतं, ते खारं. त्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि वांग्याचं रोप गुडघ्याएवढं होऊन मान टाकतं. गावानं त्याचं नाव ‘मेलं पानी’ ठेवलंय. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत हात-दीड हात खड्डा केला की जे गोड पाणी झिरपून वर येतं, ते ‘जितं पानी’. त्या खड्ड्याला झिरा म्हणतात, आणि गावाचं नाव त्यावरून पडलं. पाण्याच्या जाती झिरेगावात एवढ्या दोनच. मेलं म्हणजे खारं, जितं म्हणजे गोड. जितं पाणी पिऊन माणूस आजारी पडतो, हे वाक्य झिरेगावच्या बोलीत नीट बोलताच येत नाही. सगळ्यांत आधी हे जिला आठवायला हवं होतं, ती बाई याच गावात जन्मली, आणि ऐन वेळी नेमकी तीच विसरली.

वडील सूर्यभान राखोंडे यांचा नदीकाठी भाजीचा मळा. नदीला पाणी असेपर्यंत वांगी, मेथी आणि सांभार म्हणजे कोथिंबीर करायची आणि बाळापूरच्या बाजारात नेऊन विकायची. उन्हाळा लागला की आई आशाबाई पोरीला घेऊन झिऱ्यावर बसायची. वाटीवाटीनं पाणी उपसायचं, पदरातून गाळायचं. एक घागर भरायला पाऊण तास जायचा. त्या पाऊण तासात साधनाला दुसरा उद्योग नसे, म्हणून ती झिऱ्यात टक लावून बघायची. एकदा तिला तिथं केसाएवढं पांढरं काहीतरी वळवळताना दिसलं.

“माय वं, हे काय हाये?”

“जीव हाये.”

“अन् आपन थो पितो?”

“पदर कायले हाये मंग?”

आशाबाईंची सूक्ष्मजीवशास्त्राची पहिली तासिका एवढीच. पदराची वीण आणि जीवाचा आकार यांचा हिशेब मात्र पोरीच्या डोक्यात राहिला. पदरातून निसटून जाईल एवढा बारीक जीव असेल तर? हा प्रश्न घेऊन ती अमरावतीला गेली, बी.एस्सी. झाली, एम.एस्सी. झाली, आणि विद्यापीठात गोड्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांवर संशोधन करायला बसली.

तिथं पहिली अडचण विषयाचीच आली. “लोणार इतकं जवळ असताना गावतळं काय घेऊन बसलात?” असं समितीनं विचारलं. खाऱ्या सरोवराला जगात प्रतिष्ठा आहे, त्यावर परदेशातून माणसं येतात. म्हशी बसतात त्या तळ्यावर कोण येणार? साधनाबाई म्हणाल्या, “सर, लोणारचं पाणी कोणी पीत नाही. तळ्याचं पितात.” समितीनं हे उत्तर ‘भावनिक’ म्हणून नोंदवलं.

तरी पाच वर्षं त्यांनी तळी, बंधारे, नदीचे डोह पालथे घातले. कौंडण्यपूरला वर्धेच्या पात्रातून दर महिन्याला पाणी आणायच्या. बर्फाच्या डब्यात ओळीनं बाटल्या. एसटीतला कंडक्टर विचारायचा, “मॅडम, थंडा हाये का?”

“नदीचं पाणी आहे.”

“काहून, अमरावतीत नळ नाई आले का आजूक?”

प्रबंधात एकशे चौदा प्रकारच्या जीवांची नोंद आहे. कोणाच्या अंगाभोवती चाकासारखे केस फिरतात, कोणी चपलेच्या तळव्यासारखा, कोणी हिरव्या मण्यांच्या माळेसारखा. ही सगळी प्रजा वऱ्हाडातल्या तळ्यांत पिढ्यान्पिढ्या नांदते आणि तिची नोंद तोवर कोणी घेतली नव्हती. प्रबंध बांधला गेला, ग्रंथालयात गेला. ग्रंथालयाच्या नोंदवहीप्रमाणं गेल्या चौदा वर्षांत तो एकदाच बाहेर गेलाय, तोही बांधणी उसवली म्हणून.

नंतर अकोल्याच्या एका कॉलेजात नोकरी लागली. नोकरी हा शब्द सवयीनं आला. खरा शब्द तासिका तत्त्व. उन्हाळ्यात बाई बेकार होते, आणि दर जूनमध्ये तिची नव्यानं मुलाखत होते. तेच सचिव, तेच प्राचार्य, अमरावतीहून आलेले विषयतज्ज्ञ बहुधा तेच. पहिला प्रश्नही दरवर्षी तोच: “सूक्ष्मजीव म्हणजे काय?” साधनाबाईंनी हे उत्तर चौदा वेळा दिलंय. एका वर्षी विषयतज्ज्ञांनी ते लिहूनही घेतलं.

कॉलेजात संशोधनाला जागा नाही म्हटल्यावर त्यांनी प्रयोगशाळा खांद्याला लावली. आरशाचा जुना सूक्ष्मदर्शक जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून रविवारी एखाद्या गावच्या शाळेत जायच्या. व्हरांड्यात ऊन धरून तो मांडायच्या आणि बायकांना म्हणायच्या, “घरचं पाणी आणा, पाहू.” पहिली बाई डोळा लावायची आणि मागं सरकायची.

“माय वं! हे तं नाचून राहिलं!”

“कोनतं पानी हाये हे?” तीच विचारायची.

“तुमच्याच रांजणातलं, मावशी.”

“मायावाल्या रांजनातलं? हट्! हिच्या रांजनातलं असन.”

मग जिचं नाव घेतलं ती पदर खोचून पुढं यायची, आणि व्हरांड्यात अशी झुंबड उडायची की शिक्षक पोरांना घरी सोडून स्वतः रांगेत उभे राहायचे. यातूनच अकोल्याच्या एका दैनिकानं त्यांना दर बुधवारी सदर दिलं. नाव ‘थेंबातलं गाव’. जागा रोजगारवार्तेच्या खाली, आणि दिवाळीच्या जाहिराती आल्या की तेवढीही नाही. पण माणसं वाचत होती. बसमध्ये ओळखत होती. चार माणसांत आपलं म्हणणं कोणी खरं धरतं, याचं साधनाबाईंना मोल होतं. दुसरी काही मिळकत त्यांच्या आयुष्यात नव्हतीच.

आता झिरेगावच्या मशिनीकडं येऊ.

खारं पाणी गोड करणारं मशीन गावात बसलं, तेव्हा मंडप पडला होता. दोन वर्षांत त्यातला पडदा क्षारांनी चोंदला. पडदा मागवायचा तर अर्ज, अर्जाला ठराव, ठरावाला सभा, सभेला गणपूर्ती. सरपंच भगवंतरावांनी त्यापेक्षा सोपी वाट काढली. गावतळ्यात पावसाचं गोड पाणी होतंच. त्याची पाइपलाइन मशिनीच्या टाकीला जोडली. आतली गाळणी गाळ धरायची, त्यामुळं पाणी दिसायला स्वच्छ. नळावरचा हिरवा दिवा लागलेलाच. पडदा चोंदून खारं पाणी आलं असतं, तर गावानं दुसऱ्या घोटाला बोंब मारली असती. गोड आलं, म्हणजे मशीन चालू. म्हशी धुतल्या जाणाऱ्या तळ्याचं पाणी गाव तीन वर्षं ‘फिल्टरचं’ म्हणून कॅनमध्ये भरून नेत होतं. भगवंतराव स्वतःही तेच पीत. हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. लबाड माणूस असता तर घरी सीलबंद बाटल्या आणल्या असत्या आणि कधीच पकडला गेला असता.

दसऱ्याला साधनाबाई आईकडं गेल्या. या खेपेला सूक्ष्मदर्शक बरोबर होता, म्हणून सवयीनं नळाचा थेंब काचेवर घेतला, आणि पहिल्या नजरेत त्यांना जुने ओळखीचे भेटले. ही सगळी मंडळी तळ्याची. पडद्यातून ती येऊच शकत नाहीत. चाचणीच्या बाटलीत पाणी भरून ठेवलं. या छोट्या बाटलीत औषधाची कागदी पट्टी असते, आणि विष्ठेतले जंतू पाण्यात असले की ती एक-दोन दिवसांत काळी पडते. ही सकाळपर्यंत डांबरासारखी काळी.

त्यांनी तोंडी सांगून पाहिलं. भगवंतराव “पाहू ना जी” म्हणाले. वऱ्हाडात याचा अर्थ पाहणार नाही असा होतो. मग बुधवारच्या सदरात त्यांनी लिहिलं: ‘झिरेगावच्या नळाचं पाणी जिवंत आहे. इतकं जिवंत, की एका थेंबात गावापेक्षा मोठी वस्ती नांदते, आणि ही वस्ती तळ्याची जुनी रहिवासी आहे.’ वाक्य उत्तम होतं. पुण्याच्या वाचकाला बरोबर टोचलं असतं. वऱ्हाडातही उपरोध चालतो, पण तोंडी चालतो. छापलेला उपरोध माणूस प्रमाणपत्र म्हणून वाचतो.

भगवंतरावांचा फोन आला. “बाई, तुमी तं गावाचं नाव काढलं! रविवारी येऊन जा.”

साधनाबाई भांडणाच्या तयारीनं गेल्या. गावात शिरल्या तर चौकात खुर्च्या, शाल, नारळ, लाउडस्पीकर. आणि पाण्याच्या खोलीवर ओल्या रंगाची ती पाटी.

“भगवंतराव, हे काय लिवलं?”

“तुमीच लिवलं ना जी. पेपरात हाये. कातरन हाये आपल्यापाशी.”

“अहो, जिवंत म्हणजे त्याच्यात जंतू हायेत!”

“हो, पन जिवंत हायेत ना?”

“माझं नाव काढा तिथून.”

“थे कसं जमन? गावची पोट्टी शास्त्रज्ञ झाली. तिचं नाव पाटीवर नाई टाकाचं, तं कोनाचं टाकाचं? मायं?” भगवंतरावांना खरोखर वाईट वाटलं होतं. टाळ्या वाजल्या. लोकांना वाटलं बाई संकोचून राहिली. आयुष्यभर पाण्याबद्दल लोकांनी आपलं ऐकावं म्हणून ही बाई वणवण फिरली. अखेर एक अख्खं गाव तिच्या शब्दावर विसंबलं, ते असं.

जानेवारीत शेजारच्या पार्बताबाईला कावीळ झाली. साधनाबाईंना लहानपणी कडेवर घेऊन झिऱ्यावर नेणारी ही म्हातारी. भेटायला गेल्या तर डोळे हळदीसारखे, गळ्यात काविळीची माळ, आणि खाटेखाली नळाच्या पाण्याचा कॅन. सून सीमा कौतुकानं म्हणाली, “ताई, आजारी मानसाले आधी आमी झिऱ्याचंच पाजत होतो. पन आता तुमच्या नावाचं पाजून राहिलो. घंट्याघंट्याले तांब्याभर.”

साधनाबाई खाटेच्या कडेवर बसल्या. कॅन बाजूला सारत म्हणाल्या, “उकळून तरी पाज वं सीमा.”

“जितं पानी कोनी उकळते का ताई? मरन ना थे.”

सीमा शब्दशः बरोबर बोलत होती. साधनाबाईंना त्या क्षणी कळलं की चूक गावाची नाही, भगवंतरावांचीही पुरती नाही. आपण गावची बोली अमरावतीच्या वसतिगृहात ठेवून आलो आणि तिच्यातलाच एक शब्द उलटा धरून गावाला परत पाठवला. त्यांनी जीप करून पार्बताबाईला अकोल्याच्या दवाखान्यात हलवलं. म्हातारी वाचली. पण पाटी तशीच होती, आणि उद्या कोण तिच्याखाली कॅन धरणार ते नाव फक्त बदलणार होतं.

इथून पुढं त्यांनी सगळे रीतसर मार्ग धरले. रीतसर मार्ग म्हणजे ज्यावर माणूस चालतो आणि पोचत नाही.

पहिला मार्ग दैनिकाचा. सदर दिवाळीच्या जाहिरातींत गेलं, ते परत आलं नव्हतं. संपादक धर्मेंद्रजी भला माणूस. दुरुस्ती छापतो म्हणाले, आणि छापली. सातव्या पानावर, तळाशी: ‘झिरेगावच्या पाण्याचा उल्लेख पूर्वीच्या लेखात “जिवंत” असा झाला आहे. तो “जंतुमुक्त” असा वाचावा.’ साधनाबाईंनी ‘जंतुयुक्त’ लिहून दिलं होतं.

“मॅडम, ‘य’चा ‘म’ झाला,” धर्मेंद्रजी फोनवर म्हणाले. “अक्षरं शेजारीशेजारी आहेत.”

“अहो, मग परत छापा!”

“शुद्धिपत्रकाचं शुद्धिपत्रक छापायची आपल्याकडे पद्धत नाही, मॅडम. लोकांचा विश्वास उडतो.”

भगवंतरावांनी ते कात्रण फ्रेम केलं. पेंटर नत्थुजींना बोलावून पाटीवर एक ओळ वाढवली: ‘व जंतुमुक्त’.

दुसरा मार्ग सरकारी प्रयोगशाळेचा. खाजगी माणसाचा नमुना चालत नाही, ग्रामपंचायतीनंच पाठवावा, असं उत्तर आलं. सूक्ष्मजीवशास्त्रातली पीएच.डी. असलेली बाई पाण्याच्या बाबतीत खाजगी माणूस असते आणि ग्रामपंचायतीचा शिपाई गोवर्धन सरकारी, हे त्यांना त्या पत्रानं समजलं. गोवर्धननं नमुना पोचवला. अहवाल उत्तम आला. पुढं कळलं की गोवर्धननं अकोल्याच्या बसस्टँडवर सीलबंद बाटली विकत घेऊन तीच नमुन्याच्या भांड्यात ओतली होती. विचारलं, तर त्यालाच राग आला. “साहेबाले पानी देयाचं तं चांगलंच देयाचं ना? आपल्या गावाची काई इज्जत हाये का नाई?”

पाहुण्याला खराब पाणी देऊ नये ही रीत गोवर्धनला त्याच्या बापानं शिकवली होती. नमुना कसा घ्यायचा हे कोणी शिकवलं नव्हतं. तो भरणारा शिपाई पंधरा वर्षं नोकरीत आहे, कायम आहे, आणि त्याची दर जूनमध्ये मुलाखत होत नाही.

तिसरा मार्ग कॉलेजचा. संस्थेनं एक पत्र दिलं तर दैनिकही ऐकेल, पंचायतही ऐकेल. प्राचार्यांनी ऐकून घेतलं आणि कपाटातून मूल्यांकनाची फाइल काढली. ‘समाजोपयोगी विस्तारकार्य’ या सदरात पाटीचा रंगीत फोटो चिकटवलेला होता.

“तुमचं एकमेव काम आहे मॅडम, ज्याचा फोटो आहे. आता तुम्ही म्हणता पाटी काढा. उद्या समिती पाहायला गेली तर?”

“सर, पाटीवर लिहिलंय ते पाणी लोक पिताहेत.”

“म्हणजे उपक्रम चालू आहे,” प्राचार्य म्हणाले, आणि फाइलवर तशी नोंद केली.

एप्रिल संपला. तळं आटून बुडाशी हिरवं, वाटाण्याच्या वरणासारखं दाट झालं, आणि पाइप तेच ओढत राहिला. गाळणी हिरवा रंग धरत होती. दिवा हिरवाच होता.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी साधनाबाई एकेचाळीस छोट्या बाटल्या घेऊन झिरेगावात गेल्या. ना सरपंचाकडं गेल्या, ना चौकात. नळावर बायकांची रांग होती तिथं उभ्या राहिल्या आणि प्रत्येकीला एकेक बाटली दिली. नळाचं पाणी खुणेपर्यंत भरा, झाकण लावा आणि घरात ठेवा, बस. प्रयोगशाळेत या बाटल्या उबवणीपेटीत ठेवतात. मे महिन्यात त्याची गरज नव्हती. अकोला जिल्हा हीच उबवणीपेटी होती. एका बाटलीत त्यांनी झिऱ्याचं पाणी उकळून, निववून भरलं आणि ती आईच्या फळीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आशाबाईंच्या ओसरीवर बायका बाटल्या घेऊन आल्या. चाळीसच्या चाळीस काळ्या. फळीवरची तेवढी होती तशी.

“औषध खराब असन,” एक जण म्हणाली.

“मंग हे कावून नाई झालं काळं?” सीमानं फळीकडं बोट केलं.

“मशिनीले नजर लागली बाई.”

“नजर नाई लागली, तुमच्या सरपंचाची अक्कल लागली,” ओसरीवरच्या खाटेवरून पार्बताबाई म्हणाली. ती अजून धरून-धरून चालत होती, पण तोंड पूर्ण बरं झालं होतं.

साधनाबाई सांगायला उभ्या राहिल्या. “पाण्यात जिवंत...” आणि थांबल्या. समोरच्या चाळीस चेहऱ्यांवर तो शब्द पुन्हा गोड होताना त्यांना दिसला. जंतू म्हणावं तर ‘जंतुमुक्त’ फ्रेम करून लावलेलं आहे. एकच शब्द उरला होता. ‘मेलं’ म्हटलं, की एकाही घरात तो कॅन भरला जाणार नाही. पण तो शब्द खोटा. ज्या पाण्यात थेंबागणिक हजारो जीव फिरताहेत, त्याला मेलेलं म्हणायचं? पाणी कधी रिकामं नसतं हेच तर चौदा वर्षं व्हरांड्याव्हरांड्यातून सांगितलं. आता स्वतःच्या नावानं उलट लिहायचं?

त्या आत गेल्या. आई चुलीपाशी चहाला बसली होती.

“माय, ‘मेलं पानी’ लिवून देतो. दुसरं काई सुचून नाई राहिलं. खोटं हाये, पन लिवतो.”

आशाबाईंनी पातेलं तिच्यापुढं सरकवलं. काल संध्याकाळचं दूध, मेच्या गर्मीत फाटून पाणी-पाणी झालेलं. “हे पाह्य. हे दूध मेलं का?”

“मेलं नाही. नासलं.”

“नासलं म्हंजे काय झालं? तूच सांगत होती मांगच्या खेपीले.”

“त्याच्यात जीव वाढले.”

“वाढले ना? मंग बस. नासलेलं दूध कोनी पेते का वं? जितं असो का मेलं, फेकूनच देते ना?” त्यांनी पातेलं उचललं. “एवढी शिकली, अन् चुलीपाशी नाई पाह्यलं.”

गोड्या पाण्यातल्या जीवांची अतिवाढ, असा साधनाबाईंच्या प्रबंधात एक अख्खा खंड आहे. नव्वद पानांचा. त्याला तीन अक्षरांचा शब्द होता, आणि तो घरात होता.

नत्थुजी पेंटर डबा आणि कुंचला घेऊन आले. त्यांनी आधी वरचं सगळं पांढरं केलं आणि मग विचारलं, “काय लिवू?”

“‘हे पाणी नासलं आहे.’”

“अन् खाली डॉक्टर साधना...”

“डॉक्टर नका लिवू. मागच्या खेपीले लिवलं तं काय झालं, पाह्यलं ना. लिवा, ‘साधना, सूर्यभान राखोंडेची पोरगी’.”

नत्थुजींनी जीभ दाताखाली धरून अक्षरं काढली. अर्ध्यात भगवंतराव धावत आले. “बाई, काय लिवून राहिले! गावाची बदनामी होते ना अशानं!”

“गावाची काय व्हाची थे होवो,” पार्बताबाई सीमाच्या खांद्याला धरून उभी होती. “माया पोटाची झाली थे कोन्या पेपरात देऊ?” आणि तिनं काळी बाटली नळाच्या तोटीला दोरीनं बांधली. मग सीमानं बांधली. पाहता पाहता तोटीभोवती काळ्या बाटल्यांचा घोस लटकला. त्या दिवशी कोणी कॅन भरला नाही. बायका घागरी घेऊन नदीकडं गेल्या, झिरे उकरायला, आणि उकळून प्यायचं की नाही यावर वाटभर भांडत गेल्या.

ज्या पडद्यासाठी तीन वर्षं सभेची गणपूर्ती होत नव्हती, ती दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. पडदा अकराव्या दिवशी बसला. भगवंतरावांनी तळ्याचा पाइप स्वतः उभं राहून कापला. हे काम अकरा दिवसांचं होतं. तीन वर्षं आणि पार्बताबाईचं काळीज त्यात कशासाठी गेलं, हे विचारायला सभेत जागा नव्हती. विषयपत्रिकेत तो मुद्दा नव्हता.

नव्या पाण्याचा पहिला तांब्या आशाबाईंनी प्यायला आणि तोंड वाकडं केलं. “यात काईच नाई वं.”

साधनाबाईंनी काचेवर थेंब घेतला, बराच वेळ पाहिला. चाचणीची बाटली दोन दिवस ठेवली. ती स्वच्छ राहिली. आईचं बरोबर होतं. त्यांनी स्वतः नत्थुजींना बोलावून पाटी बदलवली: ‘या पाण्यात काही नाही. दर महिन्याला पाहते. साधना राखोंडे.’ गावाला ही पाटी फारशी आवडलेली नाही, पण पाणी भरतात.

जूनमध्ये मुलाखत झाली. पंधरावी. सचिव, प्राचार्य, विषयतज्ज्ञ. टेबलावर तिघांपुढं पाण्याचे ग्लास. साधनाबाई बसल्या आणि पहिल्या प्रश्नाची वाट पाहू लागल्या. पण या वर्षी सचिवांनी पाटीचा नवा फोटो पाहिला होता.

“मॅडम, तुम्ही गावात जाहीर लिहिलंय, या पाण्यात काही नाही. पाण्यात काही नाही, तर तुमचं संशोधन कशावर आहे?”

विषयतज्ज्ञ हसले. प्राचार्यांनी फाइलीत मान घातली. सचिव घसा ओला करायला ग्लासाकडं वळले.

साधनाबाईंनी पिशवीतून एक छोटी बाटली काढली आणि ग्लासाशेजारी ठेवली. बाटलीवर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी होती: ‘स्टाफरूमचा कूलर, सोमवार’. आतलं पाणी डांबरासारखं काळं होतं.

“यावर,” त्या म्हणाल्या.

सचिवांचा हात ग्लासावरच राहिला.